बीगलची तीन बेटं आणि टळलेलं युद्ध

दक्षिण अमेरिकेच्या पार खालच्या टोकाला, केप हॉर्नच्या जवळ, बीगल सामुद्रधुनीच्या परिसरात, पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा अशी तीन बेटं आहेत. वर्षभर झोंबणारा वारा, खुरटी झाडं, थोडी मेंढरं आणि मोजकी माणसं. जगाच्या साध्या नकाशावर ती दिसतसुद्धा नाहीत. डिसेंबर १९७८ मध्ये या तीन बेटांवरून अर्जेंटिना आणि चिली या शेजाऱ्यांनी आपली सैन्यं सीमेवर आणून उभी केली होती, आणि ही सीमा पाच हजार किलोमीटरहून लांब आहे. अर्जेंटिनाच्या लष्कराने हल्ल्याची योजना आखून तिला ‘सार्वभौमत्व’ असं नाव दिलं होतं. तारीखही ठरली होती, २२ डिसेंबर. अर्जेंटिनाचं आरमार बंदर सोडून निघालं होतं आणि चिलीची जहाजं दक्षिणेच्या अरुंद खाड्यांमध्ये दबा धरून बसली होती.

हे युद्ध झालं नाही, म्हणून ते आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊकही नाही. पण आंतरराष्ट्रीय वादात मध्यस्थी नेमकी काय करते हे समजून घ्यायचं असेल तर मला बीगलच्या वादाइतकं चांगलं उदाहरण दुसरं दिसत नाही. या एकाच वादात थेट वाटाघाटी झाल्या, न्यायनिवाडा झाला, बळाची भाषा झाली आणि शेवटी मध्यस्थी झाली. आधीचे तिन्ही मार्ग थकल्यावर जे उरलं त्यानेच दोन देशांना वाचवलं.

भांडणाचं मूळ १८८१ च्या सीमाकरारात होतं. तिएरा देल फ्वेगो हे मोठं बेट उभं कापायचं, पूर्वेचा भाग अर्जेंटिनाला, पश्चिमेचा चिलीला, आणि बीगल सामुद्रधुनीच्या दक्षिणेला केप हॉर्नपर्यंत जी बेटं असतील ती सगळी चिलीची, असं त्यात ठरलं. कागदावर सगळं स्वच्छ होतं. प्रश्न एवढाच राहिला की ही सामुद्रधुनी पूर्वेला नेमकी कुठून समुद्राला मिळते. चिलीचं म्हणणं, ती सरळ पूर्वेला जाते, म्हणजे तिन्ही बेटं तिच्या दक्षिणेला पडतात. अर्जेंटिनाचं म्हणणं, ती नावारिनो बेटाला वळसा घालून दक्षिणेकडे वळते, म्हणजे बेटं तिच्या पलीकडे, अटलांटिकच्या बाजूला राहतात. अटलांटिक आमचा आणि पॅसिफिक चिलीचा, ही अर्जेंटिनाची जुनी धारणा. शाळेतल्या पुस्तकांपासून नौदलाच्या नकाशांपर्यंत ती मुरलेली होती.

अनेक दशकं हा वाद धुमसत राहिला. १९५८ मध्ये स्नाइप नावाच्या एका खडकवजा बेटावर चिलीने दीपस्तंभ उभारला, तर अर्जेंटिनाच्या आरमाराने तोफा डागून तो परिसरच उद्ध्वस्त केला. तरी वाद खरा पेटला तो सत्तरच्या दशकात, आणि त्याला कारण होतं समुद्राच्या कायद्यात होऊ घातलेला बदल. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर आणि तळाखालच्या तेलावर किनाऱ्याच्या देशाचा हक्क, ही कल्पना संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत १९७३ पासून आकार घेत होती. ती मान्य झाली की एका ओसाड बेटाच्या मागे हजारो चौरस मैलांचा समुद्र चालत येणार होता. शिवाय दोन्ही देशांचे अंटार्क्टिकावर दावे होते आणि ते एकमेकांवर चढलेले होते. बेटं होती तीच राहिली, त्यांची किंमत मात्र काही वर्षांत कितीतरी पटींनी वाढली.

१९७१ मध्ये दोन्ही सरकारांनी शहाणपणाने लवाद मान्य केला. चिलीत तेव्हा साल्वादोर आयेंदे होते, अर्जेंटिनात जनरल लानुसे. जुन्या करारामुळे नावाला लवाद ब्रिटनची राणी, पण निर्णय देणारे पाच जण आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश होते, ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, स्वीडन आणि नायजेरिया या देशांचे. त्यांनी जुने नकाशे, पत्रव्यवहार, कराराचे मसुदे सगळं तपासलं. मे १९७७ मध्ये निवाडा जाहीर झाला: तिन्ही बेटं चिलीची. अंमलबजावणीला नऊ महिन्यांची मुदत होती. मुदत संपायच्या आत, जानेवारी १९७८ मध्ये, अर्जेंटिनाने हा निवाडा आपल्यापुरता रद्दबातल ठरवला.

निवाडा चुकीचा होता म्हणून अर्जेंटिनाने तो फेटाळला असं म्हणता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने तो भक्कम होता, आणि पुढे जो तोडगा निघाला त्यातही बेटं चिलीचीच राहिली. मग तो का फसला? आपल्याकडे शेताच्या बांधावरून भांडण झालं की सरकारी मोजणी होते, खुणा ठोकल्या जातात, कोर्टात निकालही लागतो, आणि तरी दोन घरं पुढच्या पिढीपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत, खुणा रात्रीतून सरकतच राहतात. राष्ट्रांच्या बाबतीत तर खुणा राखायला पोलीससुद्धा नसतो.

त्याहून महत्त्वाची एक अडचण होती. लवादाला विचारलेल्या प्रश्नापलीकडे जाता येत नाही. बीगलच्या लवादासाठी नकाशावर एक चौकट आखून दिली होती, आकारावरून तिला ‘हातोडा’ म्हणत. त्या चौकटीतली जमीन आणि पाणी कुणाचं, एवढंच न्यायाधीशांनी सांगायचं होतं. अर्जेंटिनाची खरी भीती चौकटीच्या बाहेर होती. बेटं चिलीला गेली तर त्यांच्या जोरावर चिली उद्या अटलांटिकमध्ये किती आत घुसेल, ही ती भीती. निवाड्यात त्यावर एक अक्षर नव्हतं, असू शकतही नव्हतं. म्हणजे ज्या प्रश्नाने अर्जेंटिनाची झोप उडाली होती त्याला न्यायालयात हातच लागला नव्हता.

१९७८ चं वर्ष थेट वाटाघाटींत गेलं. अर्जेंटिनाचे लष्करशहा विदेला आणि चिलीचे पिनोशे जानेवारीत मेंदोसाला आणि फेब्रुवारीत पुएर्तो माँतला भेटले. समित्या नेमल्या गेल्या, बैठका झाल्या, हाती काही लागलं नाही. जूनमध्ये अर्जेंटिनाने फुटबॉलचा विश्वचषक घरच्या मैदानावर जिंकला आणि सगळा देश रस्त्यावर उतरला. त्याच देशात त्याच वेळी लष्करी राजवट हजारो नागरिकांना गायब करत होती. अशा राजवटीला बाहेरच्या शत्रूची गरज असते, हे आपण जगात अनेकदा पाहिलं आहे. पलीकडे पिनोशेचे हातही रक्ताने माखलेले होते. अमेरिकेने चिलीला शस्त्रं देणं थांबवलं होतं, उत्तरेला पेरू आणि बोलिव्हिया जुन्या पराभवाची शंभरी जवळ आल्याने डोळे वटारून होते.

१२ डिसेंबरला दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री, चिलीचे कुबियोस आणि अर्जेंटिनाचे पास्तोर, ब्यूनोस आयर्सला भेटले आणि पोपना मध्यस्थीची विनंती करायची यावर त्यांचं एकमत झालं. संध्याकाळ व्हायच्या आत ते मोडलं, कारण अर्जेंटिनाच्या सेनापतींच्या मंडळाने आपल्याच मंत्र्याचा शब्द मानला नाही. नावाला राष्ट्राध्यक्ष असलेल्या विदेलांनासुद्धा तो पाळून घेता आला नाही. हुकूमशाहीत माणूस एका सहीने युद्ध सुरू करू शकतो, माघार घ्यायला मात्र त्याला सगळ्या सहकाऱ्यांची परवानगी लागते.

दुसरे जॉन पॉल १६ ऑक्टोबरला पोप झाले होते. पदावर येऊन जेमतेम दोन महिने झालेले. ब्यूनोस आयर्समधले त्यांचे राजदूत पिओ लागी आणि सांतियागोमधले आंजेलो सोदानो रोज कळवत होते की युद्ध आता दिवसांवर आलं आहे. पोपनी दोन्ही सरकारांना निरोप पाठवला की मी माझा खास दूत पाठवतो आहे, त्याला भेटा. केप हॉर्नजवळचा समुद्र त्या दिवसांत खवळला होता आणि सैन्य उतरवण्याची वेळ पुढे ढकलावी लागली होती, असं नंतरच्या वर्णनांत येतं. निरोप आणि वादळ यांतल्या कशाने किती काम केलं याची वाटणी इतिहासकार करत राहोत. जहाजं मागे फिरली एवढं खरं.

२६ डिसेंबरला जो माणूस ब्यूनोस आयर्सच्या विमानतळावर उतरला तो होता कार्डिनल आंतोनियो सामोरे, वय ७३. त्या वेळी त्यांच्याकडे व्हॅटिकनच्या ग्रंथालयाची आणि दप्तरखान्याची जबाबदारी होती. त्याआधी ते कोलंबियात पोपचे राजदूत होते, स्पॅनिश उत्तम बोलत, लॅटिन अमेरिकेतल्या माणसांची रीत जाणत. त्यांच्यामागे सैन्य नव्हतं, पैसा नव्हता, निर्बंधांची धमकी नव्हती. दोन्ही देश कॅथलिक होते आणि दोन्ही राजवटी आपण ख्रिस्ती संस्कृतीचे रक्षक असल्याचं रोज सांगत होत्या, त्यामुळे पोपच्या दूताला दारातून परत पाठवणं दोघांनाही शक्य नव्हतं. सामोरेंकडे भांडवल एवढंच होतं.

पुढचे दोन आठवडे हा वृद्ध धर्मगुरू अँडीज ओलांडून एका राजधानीतून दुसऱ्या राजधानीत ये-जा करत राहिला. त्या काळात त्यांनी एक मोठं शहाणपण दाखवलं, ते म्हणजे बेटं कुणाची हा विषयच काढला नाही. आधी फक्त इतकं मागितलं की मध्यस्थीची विनंती दोघांनी मिळून करा, बळ वापरणार नाही असं लिहून द्या आणि सैन्यं मागे घ्या. ८ जानेवारी १९७९ ला उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ इथे दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी यावर सह्या केल्या. सैन्याची स्थिती १९७७ च्या सुरुवातीला होती तशी हळूहळू करायची असंही त्यात होतं. वादाचा निकाल एक इंचही पुढे सरकला नव्हता, पण सीमेवरचे तरुण घरी जाऊ लागले.

मध्यस्थ आणि लवाद यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो. लवादाचा निर्णय बंधनकारक असतो, त्यामुळे त्याच्यापुढे जाताना प्रत्येक पक्ष वकिलाच्या तोंडून बोलतो आणि आपली दुबळी बाजू झाकून ठेवतो. मध्यस्थाला निर्णय देण्याचा अधिकारच नसतो, म्हणून त्याच्याशी खरं बोलण्यात धोका कमी. रोममध्ये सामोरे दोन्ही शिष्टमंडळांना बराच काळ वेगवेगळं भेटत राहिले. तुम्हाला काय हवं आहे, त्यातलं काय सोडता येईल, काय सोडलं तर घरी तोंड दाखवता येणार नाही, हे एकेकाकडून काढून घेत राहिले. ऐकलेलं दुसऱ्या बाजूला किती आणि कसं सांगायचं हे ठरवणं हे मध्यस्थाचं सगळ्यात नाजूक काम असतं. एकदा का एका बाजूला वाटलं की आपला शब्द पलीकडे विकला गेला, की पुढे बोलणंच संपतं.

१२ डिसेंबर १९८० ला पोपनी आपला प्रस्ताव दिला. बेटं चिलीची. मात्र त्यांच्याभोवतीच्या चिंचोळ्या पट्ट्यापलीकडचा समुद्र दोघांनी मिळून वापरायचा, त्याला ‘शांतीचा समुद्र’ म्हणायचं. चिलीने होकार दिला. अर्जेंटिनाने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पुढची दोन-तीन वर्षं ही कोंडी कायम होती. १९८१ मध्ये हेरगिरीच्या आरोपांवरून सीमा काही काळ बंद झाली. चिली आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाईल या भीतीने अर्जेंटिनाने १९८२ च्या सुरुवातीला न्यायालयीन तोडग्याचा जुना करारच मोडीत काढला. वर्तमानपत्रांतून पाहणाऱ्याला वाटलं असेल की मध्यस्थी मेली. पण व्हॅटिकनने ना प्रस्ताव मागे घेतला, ना अर्जेंटिनावर दोषारोप केला, ना शेवटची तारीख दिली. बैठका चालू ठेवल्या. माझ्या मते मध्यस्थीचं मोल मोजायचं तर या कंटाळवाण्या वर्षांवरून मोजावं. त्या वर्षांत बातमी देण्याजोगं काहीच घडलं नाही, आणि ते घडू नये यासाठीच सगळी खटपट चालली होती.

त्याच सुमारास दुसऱ्या एका वादात काय झालं ते पाहा. २ एप्रिल १९८२ ला अर्जेंटिनाच्या गाल्तिएरी राजवटीने ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं घेतली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी लंडन आणि ब्यूनोस आयर्सच्या दरम्यान विमानाने चकरा मारल्या. पण अमेरिका ब्रिटनची नाटोतली मित्र होती, ब्रिटिश आरमार रोज दक्षिणेकडे सरकत होतं, वेळ आठवड्यांत मोजावी लागत होती आणि एप्रिलच्या अखेरीस अमेरिकेने उघड ब्रिटनची बाजू घेतली. मग पेरूच्या राष्ट्राध्यक्षांनी नवा प्रस्ताव आणला, तो अर्जेंटिनाचं ‘बेलग्रानो’ हे जहाज बुडालं तेव्हा त्याच्याबरोबर बुडाला. १४ जूनला युद्ध संपलं तेव्हा अर्जेंटिनाचे ६४९, ब्रिटनचे २५५ सैनिक आणि बेटांवरचे तीन रहिवासी मेले होते. बीगलवर युद्ध झालं असतं तर ते दोन शेजाऱ्यांमध्ये, जमिनीवर, हजारो किलोमीटरच्या सीमेवर झालं असतं. तिथली संख्या किती झाली असती याचा विचार केला की सामोरेंच्या त्या दोन आठवड्यांची किंमत कळते.

सामोरे स्वतः शेवट पाहायला राहिले नाहीत. ३ फेब्रुवारी १९८३ ला ते वारले, आणि काम कार्डिनल कासारोलींकडे गेलं. त्याच वर्षी फॉकलंडच्या पराभवाने खिळखिळी झालेली लष्करी राजवट निवडणुका घेऊन बाजूला झाली आणि डिसेंबरमध्ये राउल अल्फोन्सिन राष्ट्राध्यक्ष झाले. लोकांनी निवडून दिलेल्या या माणसाला सेनापतींसमोर मर्दुमकी सिद्ध करायची नव्हती. मध्यस्थीने पाच वर्षं दार उघडं ठेवलं होतं, आणि त्यातून आत यायला शेवटी योग्य माणूस मिळाला. निवाडा असा थांबू शकत नाही. तो एका तारखेला येतो आणि त्या दिवशी जो कुणी सत्तेवर असेल त्याला तो मानावा लागतो किंवा फेटाळावा लागतो.

अल्फोन्सिन यांनी पुढे जे केलं त्याचं मला विशेष वाटतं. करार तयार झाल्यावर त्यांनी तो सरळ जनतेपुढे ठेवला. परराष्ट्रमंत्री दांते कापुतो आणि विरोधी पेरोनवादी पक्षाचे नेते विसेंते सादी यांचा वाद दूरचित्रवाणीवर झाला आणि सगळ्या देशाने तो पाहिला. २५ नोव्हेंबर १९८४ ला सार्वमत झालं. ते बंधनकारक नव्हतं, तरी सुमारे ८२ टक्के मतं कराराच्या बाजूने पडली. चार दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, व्हॅटिकनमध्ये शांतता आणि मैत्रीच्या करारावर सह्या झाल्या. एवढं होऊनही मार्च १९८५ मध्ये अर्जेंटिनाच्या वरच्या सभागृहात तो २३ विरुद्ध २२ मतांनी, केवळ एका मताने तरला.

करारात तिन्ही बेटं चिलीची आहेत, आणि जवळपास हेच १९७७ च्या निवाड्यात होतं. पण बेटांच्या पूर्वेला समुद्रातली सीमारेषा अशी वळवत नेली आहे की अटलांटिकचा मोठा भाग अर्जेंटिनाकडे राहतो. एरवी प्रत्येक देशाला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र मिळतो. इथे या दोघांनी एकमेकांपुरता तो तीन मैलांवर आणला. म्हणजे चिलीची बेटं आहेत, पण त्यांच्या आधारावर चिली अर्जेंटिनाच्या समुद्रात पाय पसरू शकत नाही. बीगलमधून अर्जेंटिनाच्या जहाजांनी कसं ये-जा करायचं याचे नियम परिशिष्टात आहेत. ‘शांतीचा समुद्र’ ही कल्पना मागे पडली, कारण सामाईक समुद्रापेक्षा आखलेली रेषा दोघांना सोयीची वाटली. मध्यस्थाने स्वतःच्या प्रस्तावाचा हट्ट धरला नाही. न्यायालयाच्या चौकटीबाहेर राहिलेली भीती अशी समुद्रातल्या रेषेने शमली. अर्जेंटिनाचा राष्ट्राध्यक्ष घरी जाऊन प्रामाणिकपणे सांगू शकला की बेटं गेली, अटलांटिक राहिला.

या गोष्टीला एक काळी बाजूही आहे आणि ती लपवून चालणार नाही. व्हॅटिकन ज्यांच्याशी बोलत होतं ते दोन्हीकडचे हुकूमशहा होते. पोपबरोबरच्या वाटाघाटींनी त्यांना प्रतिष्ठा मिळाली, आणि गायब केलेल्या माणसांच्या आयांना चर्चकडून जो आवाज हवा होता तो त्या मानाने क्षीण राहिला. मध्यस्थाला दोघांशी संबंध टिकवायचे असतात, म्हणून तो न्यायाधीशासारखा किंवा पत्रकारासारखा बोलू शकत नाही. ही किंमत खरी आहे. हजारो तरुणांचे जीव वाचण्यापुढे ती मोजावी असं मला वाटतं, पण ज्यांची मुलं परत आली नाहीत त्यांनी तसं मानावं असा आग्रह कुणी धरू नये.

मध्यस्थ नेहमी निःशस्त्र आणि निर्धन असावा लागतो असंही नाही. बीगलचा वाद पेटत होता त्याच वर्षी, सप्टेंबर १९७८ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना कॅम्प डेव्हिडच्या रानातल्या घरांत तेरा दिवस ठेवून घेतलं. दोघांना समोरासमोर बसवलं की भांडण वाढे, म्हणून कार्टर मसुद्याचा कागद घेऊन एकाकडून दुसऱ्याकडे जात, दुरुस्त्या करत. त्या मसुद्यामागे अमेरिकेची मदत आणि वजन उभं होतं. सिनाई इजिप्तला परत मिळालं, तो करार आजही टिकून आहे. पॅलेस्टिनी लोकांचा प्रश्न मात्र तसाच राहिला, कारण त्या घरांत त्यांचं कुणीच नव्हतं.

आणि पैशाने केलेली मध्यस्थी तर आपल्या दाराशीच घडली. सिंधू खोऱ्याच्या पाण्यावरून भारत आणि पाकिस्तान अडले होते तेव्हा जागतिक बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनी १९५१ मध्ये आपली मदत देऊ केली. त्यांनीही बीगलसारखीच एक गोष्ट केली, प्रश्न बदलला. काश्मीर कुणाचं हा विषय बाजूला ठेवला आणि पाणी, कालवे, धरणं यांच्यापुरतं बोलायला दोन्हीकडच्या अभियंत्यांना बसवलं. भारताच्या बाजूने निरंजनदास गुल्हाटी वर्षानुवर्षं ही चर्चा चालवत होते. पाण्याची सामाईक व्यवस्था जमेना तेव्हा १९५४ मध्ये बँकेने नद्याच वाटण्याचा प्रस्ताव दिला: रावी, बियास, सतलज भारताला, आणि सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. पाकिस्तानला नवे कालवे बांधायला लागणारा पैसा बँकेने अनेक देशांकडून उभा केला, भारताने त्यात ६ कोटी २० लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली. १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत नेहरू, अयुबखान आणि बँकेचे इलिफ यांनी सह्या केल्या. १९६५, १९७१ आणि १९९९ च्या लढायांतही हा करार मोडला नाही. एप्रिल २०२५ मधल्या पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने तो स्थगित ठेवला. त्यावर मतभेद असू शकतात, पण साठहून अधिक वर्षं तो टिकला हे नाकारता येत नाही.

आपल्याकडे तिसऱ्याची मध्यस्थी म्हटलं की लगेच अपमान झाल्यासारखं वाटतं. १९७२ च्या सिमला करारापासून द्विपक्षीय चर्चा हेच आपलं धोरण आहे आणि काश्मीरच्या बाबतीत त्याला सबळ कारणं आहेत. मोठ्या सत्तांनी मध्यस्थीच्या नावाखाली आपलं घोडं पुढे दामटलेलं आपण पाहिलं आहे. तरीही प्रत्येक प्रस्तावाला शत्रुत्वाचं कृत्य मानू नये. १८९९ च्या हेग परिषदेतच राष्ट्रांनी लिहून ठेवलं की मध्यस्थी देऊ करणं हे कधीही अमित्रपणाचं कृत्य समजू नये. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ३३ व्या कलमात मध्यस्थी वाटाघाटींच्या आणि लवादाच्या बरोबरीने बसली आहे. आपण स्वतःही हा मार्ग वापरलेला आहे. १९६५ च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात चकमकी झाल्या तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्या मध्यस्थीने ३० जूनला युद्धबंदी होऊन वाद लवादाकडे गेला. दोनच महिन्यांत दोन देशांत मोठं युद्ध पेटलं, तरी लवादाचं काम थांबलं नाही. १९६८ मध्ये वादग्रस्त भागाचा सुमारे दहावा हिस्सा पाकिस्तानला गेला. संसदेत आणि रस्त्यावर संताप उसळला, पण भारताने शब्द पाळला. याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

अलीकडे मध्यस्थीसाठी कायमच्या संस्था उभ्या राहत आहेत. मे २०२५ मध्ये चीनच्या पुढाकाराने हाँगकाँगमध्ये अशा एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या करारावर अनेक देशांनी सह्या केल्या. इमारत, नियमावली, तज्ज्ञांची यादी या गोष्टी उपयोगाच्या आहेतच. पण समोरच्या दोघांना एकाच वेळी विश्वास वाटेल असा माणूस यादीतून मिळेलच असं नाही, आणि संस्था ज्याच्या घरची, त्याच्याच वादात तिचं काय होणार हा प्रश्न राहतो.

चिली आणि अर्जेंटिनाच्या सीमेवर, अँडीजमधल्या एका घाटाला आता कार्डिनल सामोरे यांचं नाव आहे, आणि त्यावरून ट्रक आणि प्रवासी बस ये-जा करतात. चिलीने त्या काळात सीमेवर पेरलेले सुरुंग काढायचं काम मात्र २०२० पर्यंत चाललं. युद्ध टळलं तरी त्याच्या तयारीची साफसफाई करायला चाळीस वर्षं लागली.

१९८४ च्या करारात आणखी एक तरतूद होती. पुढे वाद झाला तर आधी बोलायचं, मग समेटाचा प्रयत्न करायचा, तरीही न जमलं तर लवादाकडे जायचं. पातागोनियातल्या लागुना देल देसिएर्तो या सरोवराच्या परिसरावरून वाद उरला होता, तो १९९१ मध्ये दोन्ही देशांनी याच वाटेने लॅटिन अमेरिकेतल्या पाच कायदेपंडितांकडे सोपवला. ऑक्टोबर १९९४ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी निवाडा आला आणि जवळजवळ सगळा भाग अर्जेंटिनाला मिळाला. चिलीने फेरविचाराची मागणी केली, ती फेटाळली गेली. त्यानंतर चिलीने निवाडा मान्य केला. या वेळी कुणीही सैन्य हलवलं नाही.